आरोग्य प्रश्नोत्तरे : थंड पाण्यात बुडालेला आणि आपल्या किनाऱ्यावर बुडालेला

प्रश्न : माझे यजमान तारवटी आहेत आणि सध्या त्यांचे जहाज नॉर्वेच्या बाजूला आहे. तिथे गार पाण्यातून निपचित काढलेल्या माणसाची छाती तासन्‌तास दाबत राहतात, असे ते सांगतात. आमच्याकडे मात्र नाडी लागली नाही की रडारड सुरू होते. आपण आशा लवकर सोडतो का? गारठलेल्या अंगाला फेणी चोळावी का?
— एक वाचक भगिनी, वास्को

उत्तर : आपल्या यजमानांनी सांगितले ते खरे आहे. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. ते २८ अंशांच्या खाली उतरले की कुडकुडणे थांबलेले असते, अंग ताठरते, नाडी बोटांना लागेनाशी होते आणि जिवंत माणूसही मृत भासतो. म्हणून अशा रुग्णाचा श्वास आणि नाडी तब्बल मिनिटभर तपासतात. मात्र तापमान उतरते तशी मेंदूची प्राणवायूची गरजही घटते. १९९९ च्या मे महिन्यात नॉर्वेतल्या नार्विकजवळ आन्ना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली ८० मिनिटे अडकली होती. बाहेर काढले तेव्हा तिचे हृदय बंद होते, तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले, आणि तरीही ट्रॉम्सोच्या रुग्णालयात यंत्राद्वारे रक्त शरीराबाहेर गरम करून तिला वाचवण्यात आले. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : बर्फाखालच्या हवेच्या पोकळीत ती सुमारे ४० मिनिटे श्वास घेत होती, म्हणजे प्राणवायू तुटण्याआधीच तिचा मेंदू गार झाला होता.

आपल्या समुद्राचे पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास असते आणि असे संरक्षण ते देत नाही. इथे प्राणवायूविना काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. त्यामुळे आपण आशा लवकर सोडतो याहून मला अधिक सलते ते हे, की आपण श्वास उशिरा देतो. अनेक वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर रापणीच्या माणसांनी काढलेल्या मुलाला होडीच्या काठावर पालथे घालून पोट दाबताना मी पाहिले आहे. कोणी त्याच्या तोंडाचा फेस पंच्याने पुन्हा पुन्हा पुसत होता आणि फेस पुन्हा पुन्हा येत होता. सगळे जीव तोडून धडपडत होते, पण त्याच्या छातीत हवा कोणीच भरत नव्हते.

पोट दाबू नये, कारण त्याने पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते. फेस पुसण्यातही वेळ दवडू नये. रुग्णाला उताणे निजवून हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी ५ श्वास द्यावेत, आणि तरीही तो निश्चेष्टच असेल तर छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब आणि मग २ श्वास, असे रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

फेणी चोळूही नये आणि पाजूही नये. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात व उरलीसुरली ऊब निघून जाते. ओले कपडे कापून काढावेत, अंग कोरडे करून मानेसह गोधडीत गुंडाळावे आणि रुग्णाला आडवाच ठेवून अलगद हलवावे, कारण अतिगार हृदयाची लय साध्या हिसक्यानेही बिघडू शकते. तो पूर्ण शुद्धीवर असेल तरच कोमट गोड चहा द्यावा.

यजमानांना एवढे जरूर कळवा : बर्फासारख्या पाण्यात पडल्यावर पहिले साधारण १ मिनिट धाप आवरण्याचे असते, पुढची १० मिनिटे हातपाय कामाचे असतात आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास लागतो. त्या तासात तोंड पाण्यावर राहते ते लाइफ जॅकेटमुळे, म्हणून डेकवर असताना ते खुंटीला टांगलेले नव्हे, अंगावर पट्टे आवळून घातलेले असावे.