पहिलं विमान, पहिला बेस: आत्ता चुकलं तर कायमचं चुकलं का?

"ताई, आत्ता चुकीचा नंबर टाकला तर पुढची तीस वर्षं भोगायची." नंबर म्हणजे पहिलं विमान आणि बेस (जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर) यांच्या यादीतली आपली पसंती. मी समुपदेशन करते, आणि एअरलाईनमध्ये नवीन लागलेल्या पायलटांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी म्हटलं एक केस सविस्तर लिहूनच टाकावी. दोघांना विचारून लिहितेय, नावं आणि बारीकसारीक तपशील बदललेत.

निखिल ३१ वर्षांचा, दहा वर्षांचा असताना आईबाबांबरोबर साताऱ्याहून न्यू जर्सीला आला. फ्लाइंग शिकला, मग इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवले कारण अमेरिकेत २०१३ पासून को-पायलटच्या सीटवर बसायलाही साधारण १५०० तास लागतात, मग एका छोट्या रीजनल कंपनीत चार वर्षं, आणि आता मोठ्या एअरलाईनमध्ये नोकरी. त्याची बायको मृणाल फार्मसिस्ट, सातवा महिना चालू. घर एडिसनला.

अपॉइंटमेंट मृणालनेच घेतली होती. निखिल खुर्चीच्या कडेवर बसलेला, जॅकेटसुद्धा काढलं नाही, आणि पहिला प्रश्न, "हे मला मेडिकलच्या फॉर्मवर लिहावं लागेल का?" म्हणजे पायलटच्या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर. ही भीती जवळपास प्रत्येक पायलटला असते आणि त्यापायी माणसं कुणाशी बोलतच नाहीत, म्हणून आधी तेच सांगते. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी विमान वाहतूक खात्याच्या, फॉर्मवर समुपदेशनाची भेट लिहावी लागते ती व्यसनाशी किंवा मानसिक आजाराशी संबंधित असेल तर. नवराबायको मिळून निर्णय घ्यायला आले तर ते त्यात येत नाही. तरी शंका असेल तर आपल्या एव्हिएशन डॉक्टरला विचारावं, पण विचारावंच, घाबरून गप्प बसू नये. एवढं ऐकल्यावर जॅकेट निघालं.

तर प्रश्न असा होता. क्लासच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या नवीन लोकांसमोर यादी येते, कुठलं विमान, कुठला बेस, किती जागा. प्रत्येकाने आपली पसंती क्रमाने लिहायची आणि मग सीनिऑरिटीप्रमाणे, म्हणजे कंपनीत लागण्याच्या क्रमाने, वाटप. सगळे एकाच दिवशी लागलेले असल्यामुळे आपसातली सीनिऑरिटी बऱ्याच कंपन्यांत वयावर ठरते, म्हणजे जो मोठा तो आधी निवडतो. आधीच्या बॅचमधल्या मित्रांकडून निखिलला अंदाज आला होता की ७३७, म्हणजे त्यातलं लहान विमान, न्यूअर्कला मिळेल, घरापासून गाडीने अर्धा-पाऊण तास, आणि नशीब असेल तर ७८७, लांब पल्ल्याचं मोठं विमान, पण ते सॅन फ्रान्सिस्कोला. बाबांनी साताऱ्यात फोन करून सगळ्यांना सांगूनही टाकलेलं की पोरगा आता जपानला विमान नेणार!

निखिल बोलत होता तो सगळा विमानाबद्दल. मोठ्या विमानाचा पगार, लांबचे देश, आत्ता घेतलं नाही तर परत कधी मिळेल. मृणाल पूर्ण वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, तर म्हणाली, "त्याचं स्वप्न आहे, मी काय सांगणार." मला तिथेच कळलं की विमानाचा प्रश्न नंतरचा आहे.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दोघांच्या मध्ये ठेवलं आणि लाल पेन निखिलच्या हातात दिलं. म्हटलं, रिझर्व्हवरचा एक महिना भर, आधी सॅन फ्रान्सिस्कोचा. नवीन पायलटला ठरलेल्या फ्लाइट्स नसतात, तो रिझर्व्हवर असतो म्हणजे फोनची वाट बघत बसायचं, आणि शॉर्ट कॉल असेल तर फोन आल्यापासून साधारण दोन तासांत एअरपोर्टवर हजर. हे न्यू जर्सीत बसून होणारच नाही. त्याने १८ दिवस रिझर्व्हचे भरले, चार तुकड्यांत. मी म्हटलं आता जाण्याचे दिवस भर. सहा तासांचा प्रवास, तोही रिकामी सीट किंवा जंपसीट (कर्मचाऱ्यांसाठीची जादा सीट) मिळाली तर, म्हणून प्रत्येक वेळी आदल्या दिवशीच निघायला हवं. आणखी चार. दोनदा तरी रात्री उशिरा मोकळा होणार आणि घरची शेवटची फ्लाइट गेलेली असणार. आणखी दोन. २४ दिवस लाल झाले. उरले सहा, आणि त्या २४ मधल्या कितीतरी रात्री क्रॅशपॅडमध्ये, म्हणजे सात-आठ जणांनी भाड्याने घेतलेल्या खोलीतल्या बंक बेडवर, स्वतःच्या खर्चाने. लाँग कॉल मिळाला तर बारा-एक तास हातात असतात आणि घरून वाट बघता येते, पण नवीन माणसाने ते धरून चालू नये.

मग न्यूअर्कचा महिना भरला. रिझर्व्हचे दिवस तेवढेच १८, पण फोन नाही आला तर तो दिवस घरात.

मृणाल तेव्हा पहिल्यांदा रडली. म्हणाली, "मला विमान कुठलं ते खरंच चालेल रे, पण रात्री तीन वाजता बाळ रडत असताना तू कुठे असशील ते कुणी मला विचारलंच नाही." निखिल बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की मला वाटलं तुला मी मोठं विमान घ्यावं असंच वाटतंय.

कम्यूटिंगबद्दल, म्हणजे एका गावी राहून दुसऱ्या गावच्या बेसला विमानाने ये-जा करण्याबद्दल, मी जरा कडक बोलते आणि त्याला कारण आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन या रीजनल कंपनीची फ्लाइट ३४०७ पडली, ५० माणसं गेली. पायलटांचा बेस न्यूअर्क, कॅप्टन राहायचा फ्लोरिडात, आणि को-पायलट मुलगी सिएटलकडून रात्रभर मालवाहू विमानांनी प्रवास करून ड्यूटीवर आलेली. अपघाताचं मूळ कारण विमान हाताळण्यातली चूक होती, पण थकव्याचा परिणाम झाला असणार असं तपासात म्हटलंय. निखिलला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, रीजनलमध्ये शिकवतात, पण स्वतःच्या कॅलेंडरशी त्याने ते कधी जोडलं नव्हतं.

आता तीस वर्षांच्या भीतीचं. अमेरिकेत एअरलाईन पायलट ६५ ला रिटायर होतो, म्हणजे निखिलकडे ३४ वर्षं आहेत. नवीन माणसाला पहिल्या विमानावर लॉक असतो, म्हणजे तोवर विमान बदलता येत नाही, बहुतेक ठिकाणी दोनेक वर्षांचा, करार वाचून बघा, पण तो संपतो. सीनिऑरिटी नंबर तुम्ही कुठलंही विमान घ्या, तोच राहतो, आणि वरचे रिटायर होतील तसा सुधारतो. काही कंपन्यांत तर पहिल्या वर्षी सगळ्या विमानांना पगाराचा एकच रेट असतो. आणि आणखी एक, जे बाबांना सांगायला निखिलला उपयोगी पडलं. मोठ्या विमानावर नवीन को-पायलटला लँडिंग फार कमी मिळतात. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग हवीत, ती भरायला कितीतरी जण सिम्युलेटरला जातात. ७३७ वर ती आठवड्यात होतात.

मी कुठलं विमान घे ते सांगितलं नाही, माझं काम ते नाही. एखाद्याला एकट्याला राहायचंय, भाड्याचं घर आहे, उद्या सामान उचलून बेसच्या गावी जाऊ शकतो, त्याने मोठं विमान जरूर घ्यावं, माझ्याकडे आलेल्या एका मुलीने तेच केलं आणि खूष आहे.

निखिलने न्यूअर्क पहिलं लिहिलं आणि वयाने शेवटून तिसरा असूनही मिळालं, कारण बाहेरगावाहून येणाऱ्यांना न्यूयॉर्कची बाजू, ज्यात न्यूअर्क येतं, नकोच असते. एक गोष्ट मात्र आम्ही तिघंही विसरलो होतो. ट्रेनिंगचे दोन महिने कुठलंही विमान घेतलं तरी घराबाहेरच, आणि बाळ नेमकं त्यात आलं. निखिल दोन दिवसांसाठी येऊन परत गेला. साताऱ्याहून मृणालची आई आली होती म्हणून निभावलं. म्हणून आता कुणी आलं की मी कॅलेंडरवर आधी ट्रेनिंग भरायला लावते.

परवा मृणालचा फोन आला होता. लॉक संपायला अजून वर्ष आहे, निखिलला ७८७ हवंच आहे. फ्रीजवर तेच कॅलेंडर लावलंय म्हणाली, आणि या वेळी लाल पेन तिच्याकडे आहे.