प्रश्न तुमचे: यंत्रं आली, तरी पोरं गिरणीत का?

यंत्रामुळे कष्ट वाचतात असं आपण म्हणतो. मग इंग्लंडच्या सूतगिरण्यांत लहान मुलं एवढी का लागत?

मुलं त्याआधीही राबत होतीच, घरी आणि शेतावर. गिरणीनं त्यांना भोंग्याला बांधलं. सुरुवातीच्या गिरण्या पाण्यावर चालायच्या, म्हणून त्या नदीकाठच्या आडगावी उभ्या राहिल्या. सूतगिरणीवाल्या रिचर्ड आर्कराइटची क्रॉमफर्ड गावची गिरणी १७७१ची. अशा ठिकाणी मजूर कुठून आणायचे? काही मालकांनी लंडनच्या अनाथालयांतून मुलं करार करून आणली. पगार नाही, फक्त जेवण आणि झोपायला जागा.

वाफेचं इंजिन आल्यावर गिरण्या शहरात आल्या, पण मुलं सुटली नाहीत. कारण ‘म्यूल’ या साच्याच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्राच्या, रचनेत आहे. त्यात पेळू (कापसाची सैल वात) फिरत्या रुळांच्या जोड्यांतून बाहेर येतो. चात्यांचा, म्हणजे सूत पिळणाऱ्या फिरत्या दांड्यांचा, गाडा या रुळांपासून पाचेक फूट बाहेर सरकतो, सुताला पीळ देतो आणि परत येताना ते कांडीवर गुंडाळतो. मधे धागे तुटतातच. गाडा रुळांजवळ असतो तेवढ्या काही क्षणांत मुलानं वाकून, रुळातून येणाऱ्या पेळूला तुटलेलं टोक चिमटीत पिळून लावायचं. उशीर झाला की रूळ पेळू सोडतच राहतो आणि माल वाया जातो. गाड्याखाली साचलेले कापसाचे तंतू झाडायला आणखी लहान मूल लागे. ताणलेल्या धाग्यांखालून सरपटत जायचं आणि गाडा फिरायच्या आत बाहेर यायचं. साचा थांबवून झाडलं असतं तर? कातणाऱ्याला मजुरी सुताच्या वजनावर मिळे, त्यामुळे थांबणं त्याच्याच खिशाला पडे. या पोरांना पुष्कळदा कामावर ठेवायचा आणि पैसे द्यायचा तोच, मालक नव्हे. आमच्या मते सगळ्यात सोयीची गोष्ट ही होती, अर्थात मालकाच्या!

गिरणीतल्या मुलांसाठीचा इंग्लंडचा १८३३चा कायदा फसला असं वाचलं. खरं आहे का?

पुरता नाही. १८०२ आणि १८१९च्या कायद्यांना अंमलबजावणी करणारा पगारी माणूसच नव्हता. १८३३ला चार सरकारी निरीक्षक आले. नऊ वर्षांखालच्यांना कापडगिरण्यांत बंदी (रेशमाला सवलत होती), नऊ ते तेरा वयाला आठवड्याला ४८ तास आणि रोज दोन तास शाळा. अडलं ते वयापाशी. जन्माची सरकारी नोंद १८३७च्या जुलैत सुरू झाली, त्यामुळे आधी जन्मलेल्यांचं वय डॉक्टर अंगकाठी बघून ठरवत. पगाराची गरज असलेले आईबाप वय वाढवून सांगत, आणि अर्धपोटी मुलाच्या उंचीवरून तरी काय कळणार? १८३७लाच एडविन सॉन्डर्स या दंतवैद्यानं हजारावर मुलांचे दात तपासून मांडलं, की वय ओळखायला उंचीपेक्षा दात बरे. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमाराला दुसरी कायमची दाढ येते, ती बघायची.

साच्याखालच्या झाडलोटीवर नेमकं बोट १८४४च्या कायद्यात ठेवलं गेलं. इंजिनावर साचा चालू असताना त्याच्या स्थिर आणि सरकत्या भागांच्या मधे मुलांनी काम करायचं नाही. मात्र त्याच कायद्यानं कामाचं किमान वय नवावरून आठवर आणलं. त्याच्या बदल्यात लहानांचे तास रोज साडेसहाच्या आसपास आले.

मुंबईच्या गिरण्यांचं काय? आपल्याकडे कायदा मुलांच्या कळवळ्यातून आला का?

कळवळाही होता. मुंबईचे समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८मध्ये अशा कायद्याचा मसुदा मांडला होता. पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनाही मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती होती आणि कायद्यासाठी त्यांचाही रेटा होता. १८८१चा कायदा अगदीच तोकडा होता. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या यंत्रशक्तीच्या कारखान्यांनाच तो लागू होता. सातच्या आतल्यांना बंदी, सात ते बारा वयाला नऊ तास. रिंगच्या साच्यांवर (म्यूलहून वेगळ्या कातणयंत्रांवर) सुतानं भरलेल्या बाबिनी, म्हणजे रिळं, काढून रिकाम्या लावायला मुलं लागत, ती लागतच राहिली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुट्टी मागितली. १८९१ला किमान वय नऊ झालं आणि नऊ ते चौदा वयाला सात तास.