रंग नको, चॅसी बघ

अरे, इंदूरच्या त्या जुन्या विलिज (जीपवाली कंपनी) पिकअपचा चकचकीत रंग बघून विसार देऊन बसू नकोस. आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, माग. चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा; त्यावर कोरलेल्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास, आकडा जुळव. डिझेल इंजिन टाकलंय म्हणतोस, ती नोंद आरसीत हवीच. 'व्हिंटेज' नोंदणीचं आमिष तर विसर: २०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी लागते, तीही मोठे बदल न केलेली.

मग खाली चटई टाकून झोप. इंजिन माउंटिंगजवळ, म्हणजे इंजिन जिथे बसवलंय तिथे, वेल्डिंगची ठिगळं दिसली, तर तिथूनच घरी ये. लोहचुंबक फिरव, चिकटला नाही तिथे पत्रा नाही, भरलेली पुट्टी. (मी फसलोय, पहिल्याच पावसात दाराचा खालचा पत्रा हातात आला.) ताकद वाढवली, मग ब्रेक जुनेच का, तेही विचार.

आणि उन्हात बघ. सराफ्याला रात्री खायला जाऊ.