लिनक्सवर चालणारा फोर्कवाला सी प्रोग्राम विंडोजवर कंपाइलच होत नाही, काय करू?

होणारच नाही, कारण फोर्क (चालू प्रोसेसची कॉपी, म्हणजे चाइल्ड प्रोसेस, बनवणारं) हे सी भाषेचं फंक्शनच नाहीये, ते पॉझिक्सचं, म्हणजे लिनक्स-मॅकसारख्या युनिक्स टाइप ओएसच्या स्टँडर्डचं आहे. सी स्टँडर्डमध्ये प्रोसेस सुरू करायला फक्त सिस्टम() मिळतं, आणि त्यातली कमांड पण शेवटी त्या त्या ओएसच्या शेलवरच अवलंबून. मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी कंपाइलर) टाकून पण फोर्क येत नाही. सिगविनमध्ये (विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण देणारं सॉफ्टवेअर) आहे, पण तिथे ते जुगाड करून बनवलंय त्यामुळे जाम स्लो.

विंडोजवर क्रिएटप्रोसेस वापरायचं, पण ते फोर्क नव्हे बरं का, चालू प्रोसेसची कॉपी होत नाही, डायरेक्ट नवी एक्झी सुरू होते. म्हणजे फोर्क करून चाइल्डमध्ये आधीचेच व्हेरिएबल वापरत असशील तर डिझाइनच बदलावं लागेल, डेटा पाइपने (दोन प्रोसेसमधला डेटाचा मार्ग) वगैरे पाठव. फोर्कनंतर लगेच एक्झेक (चाइल्डमध्ये दुसरा प्रोग्राम सुरू करणं) करत असशील तर सोपंय, लिनक्स-मॅकवर पॉझिक्स_स्पॉन, विंडोजवर क्रिएटप्रोसेस, मध्ये इफडेफ (कंपाइल करताना ओएसप्रमाणे कोड निवडणारी ओळ) टाकून एकच फंक्शन बनव.

अजून एक, विंडोजवर सगळे आर्ग्युमेंट एकाच लांब स्ट्रिंगमध्ये जातात आणि चाइल्ड ते स्वतः तोडतं, त्यामुळे "प्रोग्राम फाइल्स" सारखा स्पेसवाला पाथ आला की डबल कोट विसरू नकोस, मी यात अख्खी दुपार घालवलीये.