टार्डिग्रेड ओळखताना आधी पाठ, मग नखं बघ

अरे, टार्डिग्रेड म्हणजे पाणअस्वल, सूक्ष्मदर्शकातून बघायचा आठ पायांचा बारीक प्राणी. तो ओळखताना थेट स्पीशीजच्या (जातीच्या) नावामागे लागू नकोस, 1300 च्या वर स्पीशीज आहेत, डोकं फिरेल. आधी क्लास, म्हणजे मोठा गट, ठरव. पाठीवर चिलखतासारख्या प्लेट्स दिसल्या, जशा एकिनिस्कस नावाच्या टार्डिग्रेडला असतात, तर हेटेरोटार्डिग्रेडा; शेवाळातला गुळगुळीत असेल तर बहुतेक युटार्डिग्रेडा. मेसोटार्डिग्रेडा पुस्तकात दिसेल पण सोडून दे, 1937 मध्ये जपानच्या गरम झऱ्यातल्या एकाच स्पीशीजवरून केलेला क्लास, नमुना हरवला, नंतर कुणाला सापडलाच नाही!

पुढे मात्र नखं आणि घशाची नळी नीट बघावी लागते, आणि मॅक्रोबायोटस (युटार्डिग्रेडांतलाच एक प्रकार) असेल तर अंडी पण शोध, कारण प्राणी हुबेहूब सारखे दिसतात नि फरक अंड्यांवरच्या नक्षीत असतो. मी सुरुवातीला अंडी कचरा समजून फेकायचो.