‘एवढे पैसे घातलेत, आता सोडायचं कसं?’

नवा व्यवसाय उभारणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात ती बहुधा झोपेची तक्रार घेऊन. एक-दोन भेटींनंतर खरी गोष्ट बाहेर येते, आणि अलीकडे ती वरचेवर सारखीच निघते. मोबाइल ॲप बाहेरच्या कंपनीला करायला दिलं होतं. मुदत उलटली, बरेचसे पैसे देऊन झाले, हातात आलंय ते धड चालत नाही, आणि कंपनी ‘शेवटच्या टप्प्या’साठी आणखी पैसे मागते आहे. द्यावेत तर तेही बुडतील ही धास्ती. न द्यावेत तर आधीचे गेलेच. ‘एवढे घातलेत, आता सोडायचं कसं?’ हे सगळेच विचारतात. ‘मी एवढी मूर्ख कशी ठरले?’ हे मात्र फार उशिरा ओठांवर येतं, आणि माझ्या मते गाडी अडते ती तिथेच.

ही गोष्ट अशाच एका तरुण उद्योजिकेची. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती स्वतः फिजिओथेरपिस्ट. रुग्णांना घरबसल्या थेरपिस्ट मिळावा, यासाठी तिला ॲप हवं होतं. धंद्यात एक भागीदार होता. तो माणसं जोडायचं काम बघायचा, ॲपचं सगळं हिच्याकडे. पहिल्याच महिन्यात कंपनीकडून स्क्रीन्स आल्या, अगदी देखण्या. तिने त्या भेटेल त्याला दाखवल्या. ती नुसती डिझाइनची चित्रं होती, त्यांच्यामागे काहीच चालत नव्हतं, हे तिला कळलं नाही आणि कळायचं काही कारणही नव्हतं. पुढे दर आठवड्याला एकच निरोप: ‘मॅडम, नव्वद टक्के झालंय.’

दुसऱ्या भेटीत तिने फोन माझ्यासमोर ठेवला आणि ॲप उघडलं. नंबर टाकला, ओटीपी आला, तो टाकला आणि चक्र फिरत राहिलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. ‘सॉरी मॅडम, कधीकधी वेळ लागतो,’ ती म्हणाली. काम अर्धवट ठेवलं दुसऱ्यांनी, आणि माफी ही मागत होती. मग पिशवीतून तिने कागदांचा गठ्ठा काढला. कंपनीशी झालेल्या सगळ्या चॅटची प्रिंट. काही ओळींवर पिवळा मार्कर फिरवलेला होता. कंपनीने दिलेली आश्वासनं असतील, असं मला वाटलं. जवळून पाहिलं तर प्रत्येक पिवळी ओळ तिची स्वतःची होती. ‘ओके, चालेल.’ ‘हरकत नाही, पुढच्या आठवड्यात करा.’ ‘पेमेंट पाठवलं आहे.’

‘इथेच कळायला हवं होतं ना मला?’ एका ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं.

मी तिला बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाच्या १९७५ मधल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. त्याने लोकांना १८१४ च्या सुमाराच्या ब्रिटिश-गुरखा लढाईचं वर्णन वाचायला दिलं. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. आणि ज्यांना सांगितला त्यांनाही वेगवेगळे शेवट सांगितले. ज्याला जो शेवट कळला, त्याला तोच आधीपासून होणारा होता असं वाटलं. शेवट ठाऊक असला की मागच्या सगळ्या खुणा ठळक दिसायला लागतात. तिचा पिवळा मार्कर हेच करत होता. ‘ओके, चालेल’ लिहिलं त्या दिवशी तिच्यासमोर ओळखीतून आलेली, गोड बोलणारी, सुंदर स्क्रीन्स पाठवणारी कंपनी होती. फिरणारं चक्र नंतरचं.

एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. अशा माहितीने कोणाचं होतही नाही, थोडा श्वास मिळतो इतकंच. शिवाय तिची खरी घाई वेगळी होती. कंपनीने शेवटच्या टप्प्याचे पैसे मागितले होते आणि ते द्यावेत असं तिच्या मनात जवळजवळ ठरलं होतं. का, असं विचारल्यावर म्हणाली, ‘दिले तर निदान आधीचे फुकट गेले असं होणार नाही.’

अडकलेला माणूस हे वाक्य फार शहाणपणाचं समजून बोलतो. बॅरी स्टॉ या संशोधकाने १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एक काल्पनिक कंपनी चालवायला दिली. दोनपैकी कोणत्या विभागाला संशोधनाचे पैसे द्यायचे ते ठरवायचं होतं. काहींनी विभाग स्वतः निवडला. काहींना सांगितलं की तुमच्या आधीच्या अधिकाऱ्याने तो निवडला होता. मग बातमी दिली की विभाग तोट्यात गेला आहे, आता पुढचे पैसे वाटा. तोट्यातल्या विभागात जास्त पैसे कोणी ओतले? ज्यांनी तो स्वतः निवडला होता त्यांनी. आधीच्या अधिकाऱ्याची चूक निस्तरणाऱ्यांचा हात आखडता राहिला. म्हणजे आपली निवड चुकली नव्हती हे सिद्ध करण्याचा खर्चही त्या रकमेत धरलेला असतो.

म्हणून अशा वेळी मी एक प्रश्न विचारते. मूळ कल्पना माझी नव्हे. १९८५ मध्ये इंटेल या अमेरिकी चिप कंपनीचा मेमरी चिपचा धंदा जपानी कंपन्यांपुढे बुडत चालला होता, आणि इंटेल तर मेमरी चिपवरच मोठी झालेली. तेव्हा कंपनीचा अध्यक्ष अँडी ग्रोव्हने तिचा प्रमुख गॉर्डन मूरला विचारलं होतं, की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असं ठरवून ते बाहेर पडले. मी तिला म्हटलं, ‘समजा हा करार तुम्ही केलाच नव्हता. तुमच्या आधी कोणीतरी होतं, ते सोडून गेलं. आज तुम्ही पहिल्यांदा खुर्चीत बसताय. हे चॅटचे कागद आणि हा फोन टेबलावर आहे. काय कराल?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आधी विचारेन, कोड आहे कुठे.’

हा प्रश्न तिने इतक्या महिन्यांत कंपनीला विचारलाच नव्हता. स्वतःला बोल लावण्यात मन गुंतलं की साधे प्रश्न सुचत नाहीत. पुढच्या भेटीपर्यंत तिने उत्तरं जमवली, आणि ती चांगली नव्हती. कोड, म्हणजे ॲप ज्यावर चालतं तो लिहिलेला प्रोग्रॅम, कंपनीच्याच खात्यात होता. प्ले स्टोअरवर चाचणीसाठी चढवलेलं ॲपही कंपनीच्याच नावावर. तंत्रज्ञान हा माझा विषय नाही, पण ही कहाणी इतक्यांदा ऐकली आहे की दोन गोष्टी पाठ झाल्या आहेत. ॲप दुसऱ्या खात्यावर हलवता येतं, मात्र तशी विनंती सध्याच्या खातेदाराकडूनच जावी लागते. तो अडून बसला तर नव्या आयडीने नवं ॲप टाकायचं, जुने वापरकर्ते आणि त्यांचे अभिप्राय मागेच राहतात. दुसरी अशी, की पैसे मोजले म्हणून कोड आपला होतोच असं नाही. हक्क लेखी सोपवलेले नसतील तर अनेक देशांच्या कायद्यात तो लिहिणाऱ्या बाहेरच्या माणसाचाच राहतो. तिच्या करारात याबद्दल एक ओळ नव्हती.

कंपनी लबाड होती का? मला तसं वाटत नाही, आणि हे मी तिलाही सांगितलं. रक्कम ठरलेली होती आणि काम वाढत गेलं. व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन पेमेंट हे दोन्ही तिने मध्येच फोनवर बोलून वाढवलेलं. तिकडे काम करणारी मुलंही बदलली. आणि ते ‘नव्वद टक्के’ कदाचित त्यांना खरंच तसं वाटत असेल. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिलच्या नावावर एक जुना विनोद सांगितला जातो: पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. भिंती रंगवून झाल्या म्हणून नळाला पाणी येत नाही. हे ऐकून तिला बरं वाटलं नाही, उलट ती चिडली. मला ते चालणार होतं. तोवर ती फक्त स्वतःवरच चिडलेली होती.

सगळ्यात अवघड भाग ॲपचा नव्हताच. मुदत टळल्याचं तिने भागीदाराला सांगितलंच नव्हतं. ‘टेस्टिंग चालू आहे’ म्हणून वेळ मारून नेत होती. एरवी मी सल्ला द्यायला कचरते, पण इथे जोर लावला. पैशांचा निर्णय एकटीने घ्यायचा नाही, आणि लपवाछपवी चालू असेपर्यंत झोपेचं नाव काढायचं नाही, असं स्पष्ट म्हटलं. तिने सांगितलं. भागीदार भडकला, पण ॲपवरून नाही, लपवल्यावरून. दोन-तीन दिवस बोलला नाही. मग दोघांनी मिळून एका स्वतंत्र डेव्हलपरला थोडे पैसे देऊन, कंपनीच्या परवानगीने कोड तपासून घेतला. त्याचा निर्वाळा असा: डिझाइन आणि नोंदणीचा भाग ठेवण्यासारखा, बाकी नव्याने लिहिणं स्वस्त पडेल. कंपनीशी तडजोड झाली. मागितलेल्या रकमेचा काही भाग द्यायचा, पण कोड, त्याचे लेखी हक्क आणि स्टोअरवरचं ॲप हातात आल्यावरच. त्याआधी तिने वकिलाला कागद दाखवले.

कंपनीबद्दल समाजमाध्यमांवर सविस्तर लिहायचं, असंही तिच्या मनात होतं. मी म्हटलं, आधी खातं तुमच्या नावावर होऊ द्या. झाल्यावर तिला लिहावंसं वाटलं नाही.

नवं काम तिने लहान ठेवलं: वेळ ठरवणं, एवढंच. कोड पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खात्यात, दर आठवड्याला स्वतःच्या फोनवर चालणारं बिल्ड, म्हणजे तोवर झालेल्या ॲपची आवृत्ती, आणि पैसे तारखेवर न देता चालणाऱ्या कामावर. पुन्हा कोणावर विश्वास कसा ठेवायचा, हे ती अजूनही विचारते. ठेवायची घाई करू नका, असं मी सांगितलं आहे. मध्यंतरी नव्या टीमचं एक बिल्ड उशिरा आलं. तिने ‘ओके, चालेल’ टाइप केलं, खोडलं, फोन लावून कारण विचारलं, आणि त्या आठवड्याचं पेमेंट थांबवून ठेवलं.