वडील बारीक, आई जाड, मग मी कुणावर गेलो?

तू लिहिलंस ते असं: वय 26, उंची 170 सेंटिमीटर, वजन 84. वडील शेतकरी, 54 किलो. आई अंगाने भरलेली. डॉक्टर म्हणाले, 'आईवर गेलास, अनुवंशिक आहे', मग लातुरात जिमचे पैसे कशाला घालवायचे? (मी वयाने बराच मोठा आहे म्हणून तू म्हणतोय, राग मानू नको.)

डॉक्टर खोटं बोलले नाहीत, अर्धंच बोलले. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या 540 जणांचा अभ्यास 1986 साली छापून आला. त्यांची अंगकाठी जन्म देणाऱ्या आईबापाशी जुळली, वाढवणाऱ्यांशी नाही. म्हणजे रक्ताचा वाटा मोठाच आहे. पण आपल्याकडे बापाचं वजन बघून रक्ताचा अंदाज बांधू नये. ते वजन त्याच्या कामाचं असतं. रात्री लाईट आली की उसाला पाणी द्यायला उठणाऱ्या माणसाला तुझ्या खुर्चीत पाच वर्षं बसव, मग काट्यावर उभं कर.

आमच्याच घरचं सांगतो. आम्ही दोघं भाऊ, पाठोपाठचे. मी तालुक्याला कारकून, 81 किलो. तो गावी शेती करतो, 60. गेल्या येळवसला (वेळ अमावस्येला, शेतात जेवणाचा आमच्याकडचा सण) पंगतीत शेजारी बसलो. भज्जी, उंडे, आंबील. त्याने माझ्या दुप्पट रिचवलं. जेवण झालं की तो बैलांना पाणी दाखवायला गेला आणि मी तिथंच कोपीत (शेतातल्या झोपडीत) लवंडलो.

जनुकांचंही ऐक. एफटीओ नावाच्या जनुकाचा वजनाशी असलेला संबंध 2007 मध्ये कळला. युरोपातल्या लोकांत, आई आणि बाप दोघांकडूनही तो जाड करणारा प्रकार आलेला असेल तर वजन सरासरी 3 किलोने जास्त भरतं. तीनच किलो! आणि अंगमेहनत करणाऱ्यांत हा परिणाम साधारण पाव हिश्श्याने कमी दिसतो. बाकी बारीकसारीक जनुकं पुष्कळ आहेत, पण तुझे 84 त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाहीत.

आता खरी मेख. मागच्या वर्षी आम्ही दोघा भावांनी रक्त तपासलं, तर साखर माझी नाही, त्या काटक्याची वाढलेली निघाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांवर काम केलं. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण कमी पडलं ते मांस. चरबी बऱ्यापैकी टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीचा. आईच्या पोटातले महिने असे अंगात मुरतात. हॉलंडमध्ये 1944-45 च्या उपासमारीत पोटात असलेली पोरं 19 व्या वर्षी लष्करी तपासणीला आली, तेव्हा गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्यात उपास घडलेल्यांत लठ्ठपणा जास्त सापडला. मी 73 सालचा. आईने 72 च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर टोपल्या वाहिल्या, मिलोच्या (परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या) भाकरी खाल्ल्या, तेव्हा मी पोटात होतो. माझं पोट त्यामुळेच सुटलं असं म्हणणार नाही, माझी खुर्चीही तितकीच जबाबदार. पण ते वाचताना आईच आठवली.

तुझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 29 येतो. आपल्याकडच्या मापाने 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तरी वजनापेक्षा कंबर मोज. पँटच्या नंबरवर जाऊ नको, आपण पट्टा पोटाखाली बांधतो. शिंप्याची टेप घे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धर, श्वास सोडून बघ. पुरुषाला 90 सेंटिमीटरच्या पुढे धोका. जिम लाव नाहीतर वडिलांबरोबर शेतात खप, पण खुर्ची सोड.

आणि साखर तपासायला जाशील तेव्हा वडिलांनाही ने. उपाशीपोटी न्यायचं, निघताना चहा पिऊ देऊ नको.